चाचांचा पानमळा आणि माझा पाइप

पाणी कुठून कुठं जातं हे मला कुणी सांगायला लागलं की मी अजूनही आधी हसतो आणि मग ऐकतो. पूर्वी नुसता हसायचो.

त्याला कारणही तसंच होतं. उभी नोकरी मी पाटबंधारे खात्यात मोजणीवर काढली. तिपाईवर लेव्हल मांडायची, एक डोळा मिटायचा, लांब उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि कालवा कुठं वाकवायचा ते सांगायचं. उंब्रजला होतो तेव्हा लोक म्हणायचे, ह्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी बोटभर उतार दिसतो. मीही म्हणायचो. लोकांपेक्षा जरा जास्तच म्हणायचो. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते एखाद्या अडाण्याच्या हातून झालं असतं तर गावानं कधीच माफ करून टाकलं असतं.

निवृत्त होऊन गावी आलो आणि आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. गाव आमचं कुंडल आणि इस्लामपूरच्या मधलं, चहूकडं ऊस. इतका ऊस, की पाहुण्याला घर दाखवायचं तर आधी ऊस तुटायची वाट बघावी लागते. आमच्यात वाटणीची रीत अशी: थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. धाकट्याला मूर्खपणा करता येतो, त्यावर रीतीत काही सोय नाही.

दादानं दोन वाटे पाडले. एक, विहिरीजवळचं काळंभोर रान. दुसरा, लव्हाळी. लव्हाळी क्षेत्रानं पहिल्याच्या दुप्पट, पण बाराही महिने ओली. वरच्या अंगाच्या उसाला पाजलेलं पाणी झिरपत झिरपत तिथं येऊन बसायचं. मधोमध गुडघाभर पाणी, त्यात पुरुषभर उंचीचं पाणकणीस, कडेनं लव्हाळा. पेरायचं म्हटलं तर बैल रुतायचे. आमच्या आजोबांनी तिथं एकदा भात लावला होता, तो बदकांनी खाल्ला.

"उचल रं," दादा म्हणाला. "आन् घाई करू नगं."

मी घाई केली. "लव्हाळी."

दादा माझ्याकडं बघतच राहिला. "गड्या, तुला नीट ऐकू आलं का? ते पान्यातलं रान हाय."

"दादा, पाणी काढायला कितीसा वेळ लागतोय?"

"तुला न्हाई लागायचा," तो म्हणाला आणि कागदावर सही करून मोकळा झाला. त्या सहीच्या वेगावरून मला काहीतरी कळायला हवं होतं.

आता लव्हाळीत तेव्हा काय काय होतं, ते मी सांगतो. तेव्हा सांगितलं नसतं, कारण तेव्हा मला तिथं फक्त नसलेला ऊस दिसत होता. टिटवी होती. जमिनीवरच अंडी घालून माणूस दिसला की आकांत मांडणारी. वाकड्या चोचीचे शराटी पक्षी थव्यानं यायचे आणि चिखलात चोच खुपसून दिवसभर काहीतरी उपसत बसायचे. पाणकोंबड्या, खंड्या, बगळे. मरळ मासा होता. बेडूक तर इतके, की पावसाळ्यात आमच्या सोप्यात बसून बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. आमच्या घरात मोठ्यानं बोलायची सवय आहे ती त्यामुळंच, असं बायकोचं म्हणणं. माझं म्हणणं, ती सवय लग्नानंतर लागली.

लव्हाळीच्या खालच्या अंगाला चाचांचा पानमळा. चाचा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी थोर. त्यांचे वडील विहिरी बांधणारे गवंडी, आणि हा मळा वडिलांनीच लावलेला. शेवरीच्या झाडांवर चढवलेले नागवेलीचे वेल, आत शिरलं की भर दुपारी संध्याकाळ. मळ्यात पायताण घालून कुणी जायचं नाही ही सगळीकडचीच रीत, पण चाचा ती फारच कडक पाळत. मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा भेटायला गेलो तो खात्याचे गमबूट घालून थेट आत.

"सायब!" आतून आवाज आला. "कालव्यावर न्हाई आलाय तुमी. बूट भायेर."

बूट काढताना मोजा निघाला, मोज्याला भोक होतं, ते चाचांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ते गावाला माहीत होतं.

तर पाणी काढायचं. त्याची पद्धत आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. भोकं पाडलेले पाइप कमरेइतके खोल पुरायचे, जमिनीतलं पाणी त्यात गोळा होतं, आणि पाइपचं तोंड ओढ्यात सोडायचं. फुगलेल्या, मीठ फुटलेल्या जमिनींना ह्यानं खरोखर जीव येतो, मी स्वतः पाहिलंय. फक्त लव्हाळीला मीठ फुटलेलं नव्हतं. ती आजारी नव्हतीच. मी धडधाकट बाईचं ऑपरेशन केलं.

जेसीबी आला त्या दिवशी बायको बांधावर उभी होती. म्हणाली, "आवं, त्या टिटवीला इचारलं का?"

"तिचं नाव उताऱ्यावर नाही," मी म्हणालो. मला हे फार बिनतोड वाटलं. दोन-तीन ठिकाणी मी ते परत सांगितलंही.

पाइपला उतार किती द्यायचा, तोंड ओढ्यात कुठं काढायचं, हे सगळं मी लेव्हल लावून काढलं. काम इतकं नेमकं झालं की पहिल्याच आठवड्यात पाइपाच्या तोंडातून मनगटाएवढी धार लागली ती थांबेना. महिन्याभरात लव्हाळीतनं चालता यायला लागलं. पाणकणीस वाळलं, पेटवलं. मरळ मासे गावानं पाट्या भरून नेले. मी सरी सोडली, ऊस लावला, आणि ऊस असा आला की दादा सकाळचा फिरायचा रस्ता बदलून दुसऱ्या वाटेनं जायला लागला.

गावच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. मला चार शब्द बोला म्हणाले, मी चाळीस मिनिटं बोललो. "पाणथळ म्हणजे आळशी जमीन," मी म्हणालो. "तिला कामाला लावायला हवं." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत चाचा बसले होते, सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्या.

दुसऱ्या वर्षी उसाचे शेंडे पिवळे पडायला लागले. एक बेट धरून ओढलं तर अलगद हातात आलं, मुळं नाहीतच. खाली हुमणी. पांढऱ्या, गुबगुबीत, सी आकारात झोपलेल्या अळ्या, एकेका बेटाखाली मूठमूठ. हुमणी आमच्याकडं नवीन नाही, पण लव्हाळीत ती कधी नव्हती. पाणी साचलं की ती बुडून मरते आणि उरलेली शराटी उपसून खातात. ते दिवसभर चिखलात काय करत बसायचे, ते मला आत्ता कळलं. फुकटच्या मजुरांना मी हाकलून दिलं होतं आणि आता औषधाच्या डब्याचं झाकण दातानं उघडत बसलो होतो.

पण हे माझं नुकसान. त्याचं मला फार नाही. माझ्या मूर्खपणाचं बिल मला येणं हे रास्तच. खरी गोष्ट उन्हाळ्याच्या तोंडाला सुरू झाली.

चाचा बांधावर आले. कधी येत नाहीत ते आले म्हणजे काहीतरी होतं.

"सायब, तुमी पान्यातलं जाणकार," ते म्हणाले. "हिरीचं पानी खाली गेलंय. बाच्या हयातीत न्हाई, माझ्या हयातीत न्हाई, तळ कवा बगितला न्हवता. काल बगितला."

"ऊन जास्त आहे चाचा."

"ऊन दरसाल असतंय. आता उतरण आलीया."

उतरण म्हणजे वर्षातनं एकदा वेल झाडावरून खाली घ्यायचे, त्यांची वेटोळी करून मातीत पुरायची आणि शेंडे परत चढवायचे. त्यानं मळा पुन्हा तरुण होतो. पण उतरणीनंतर वेलाला चार-चार दिवसांनी गोडं पाणी लागतं. नाही मिळालं तर वेल जातो, आणि पानमळा म्हणजे ऊस नव्हे, परत लावला आणि वर्षात आला. सावली तयार व्हायलाच वर्षं जातात.

"उतरण केली आन् पानी न्हाई मिळालं, तर मोडतो मळा," चाचा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, उद्या बाजाराला जातो म्हणावं तसं. "वाळताना बगत बसनं माझ्यानं हुनार न्हाई. तुमी सांगा, काय करू?"

मी सांगितलं. एक क्षणही न थांबता सांगितलं. "बोअर मारा."

जागाही मीच दाखवली. नारळ हातावर ठेवून पाणी बघणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो, पण त्या दिवशी बोट दाखवताना माझा रुबाब त्यांच्यापेक्षा वेगळा नव्हता. पाणी लागलं! पाइपातून वर उसळलं, माझ्या अंगावर आलं, मी भिजलो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी उतरण केली. तीन आठवड्यांत पानांच्या कडा तांबूस झाल्या, मग करपल्या. बोअरचं पाणी मचूळ होतं. आधी जिभेवर घेऊन बघायला हवं होतं, हे चाचांच्या सुनेला सुचलं. मला नाही. मी फोटो काढत होतो.

चाचा मला विहिरीवर घेऊन गेले. पायऱ्या उतरून आम्ही खाली गेलो. चाचांनी वडिलांनी बांधलेल्या भिंतीवर हात ठेवला, एका कपारीजवळ.

"झरा हितनं यायचा. बारा म्हैनं. बा म्हनायचा, ह्यो झरा हाय तवर आपुन हाय."

कपार कोरडी होती. खाली पाण्यानं वर्षानुवर्षं पाडलेला पांढरट ओघळ होता. मी वर आलो, दिशा बघितली. कपार ज्या अंगाला होती त्या अंगाला लव्हाळी होती.

त्या दुपारी मी माळ्यावरनं जुनी लेव्हल काढली. निवृत्त होताना भंगारातनं विकत घेतलेली, अजून चोख. पट्टी धरायला माणूस हवा, म्हणून बायकोला नेलं. आधी पाइपाच्या तोंडाशी, मग चाचांच्या विहिरीच्या काठाशी. काठावरून कपारीपर्यंतचं अंतर दोरी सोडून मोजलं. जुन्या लेव्हलमध्ये चित्र उलटं दिसतं, ते मला आयुष्यभर सवयीचं. पण आकडा वाचला आणि मी ओरडलो, "अगं, पट्टी सरळ धर!"

"सरळच हाय," ती ओरडली. "तुमीच उलटं बगताय."

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. माझ्या पाइपाचं तोंड चाचांच्या झऱ्याच्या कंबरभर खाली होतं. म्हणजे लव्हाळीत साचून, सावकाश मुरून, चाचांच्या कपारीतनं बाहेर पडणारं सगळं पाणी मी वाटेतच गाठून ओढ्यात सोडत होतो. ओढ्यातनं नदीला. भर उन्हाळ्यात मनगटाएवढी धार वाहत होती आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होतो. शेकडो मैलांचा उतार मोजला, शेजाऱ्याच्या विहिरीचा मोजला नाही. कारण ती माझ्या नकाशात नव्हती.

हे फक्त मला ठाऊक होतं. बायकोनं पट्टी धरली होती, पण तिला आकड्यातलं कळत नाही असं मी धरून चाललो. दोन दिवस मी गप्प होतो. तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "चाचांस्नी कवा सांगताय?" म्हणजे कळत होतं.

मी पानमळ्याच्या तोंडाशी गेलो, चपला काढल्या, आत गेलो. चाचा एका वेलापाशी बसले होते. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं.

"आन् बोअर?" त्यांनी विचारलं.

"तोही माझाच सल्ला."

"म्हंजी दोनी भोकं तुमचीच."

"हो."

"आन् म्या टाळ्या वाजवल्या," चाचा म्हणाले. "मोप वाजवल्या." मग त्यांनी एक करपलेलं पान खुडलं, उलटसुलट करून बघितलं. "आता माफी मागत बसू नगा. पानी आना."

निम्मा ऊस जाणार होता. ते मला चालत जाता-जाताच कळलं होतं. पाइप बंद केला की खालचं अंग पुन्हा भरणार आणि तिथला ऊस मरणार. ऊस उभा असताना पाण्यात सोडणं ही आमच्या भागात वेडेपणाची शेवटची पायरी समजतात. पण चाचांच्या मळ्यात उभं राहून परत आलेल्या माणसाला दुसरं काही करता आलं नसतं.

पहिला प्रयत्न असा: पोत्यात चिकणमाती भरली, गोळा केला आणि पाइपाच्या तोंडात ठोकला. संध्याकाळी बघायला गेलो, वाकून कान लावला, आणि मागच्या पाण्यानं तो गोळा तोफेतनं सुटावा तसा बाहेर आला. छातीवर बसला. मी ओढ्यात. घरी आलो तेव्हा डोक्यावर शेवाळ होतं. बायको म्हणाली, "एवढं तरी वाचलं म्हनायचं लव्हाळीतलं."

मग डोकं चालवलं. उशिरा चालतं, पण चालतं. इस्लामपूरला गेलो, पाइपाच्या दुकानातनं एक एल्बो आणला, काटकोनात वळणारा. तो तोंडाला बसवला आणि त्यावर उभा पाइप लावला. आता पाणी त्या उभ्या पाइपाच्या उंचीइतकं चढल्याशिवाय बाहेर पडूच शकत नाही. एल्बो फिरवून पाइप आडवा केला की पाणी उतरतं, उभा केला की चढतं. लव्हाळीचं खालचं अंग पाण्याला, वरचं उसाला. इतकं सोपं. पहिल्या दिवशीच करता आलं असतं, पण पहिल्या दिवशी मला पाणी अर्धं नको होतं, सगळं घालवायचं होतं.

झरा यायला वेळ लागणार होता आणि वेलांना तेवढा वेळ नव्हता. म्हणून दादाकडं गेलो. त्याच्या वाट्याच्या विहिरीला गोडं पाणी होतं.

"किती दीस?" त्यानं विचारलं.

"झरा येईपर्यंत."

"चाचांस्नी देतो. तुला न्हाई देत," दादा म्हणाला. "आन् पाइप तू वढायचा. सोता. दिसाढवळ्या."

रोज सकाळी एक तास मी गावासमोर काळा पाइप ओढत चाचांच्या मळ्यात नेला. सत्काराला जेवढी माणसं जमली होती तेवढी कधी जमली नाहीत, पण जी यायची ती रोज यायची. "सायब, आळशी जमीन कामाला लागली का?" एकानं विचारलं. म्हणालो, "जमीन लागलीय, आता माझा नंबर आहे."

खालचा ऊस आधी पिवळा पडला, मग आडवा झाला. मी बांधावर बसून बघत होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एके सकाळी त्या पडलेल्या उसात दोन शराटी चालताना दिसले. एक पाऊल, एक चोच. एक पाऊल, एक चोच. हुमणी. मी बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि म्हणाली, "हजरी मांडून घ्या."

चाचांचा निरोप आला तो असाच सकाळी. नुसता, "या." गेलो. विहिरीच्या पायऱ्या उतरलो. कपार ओली होती. धार नव्हे, नुसती ओल, बोट फिरवलं तर बोट ओलं होईल एवढी. चाचांनी बोट फिरवलं आणि जिभेवर ठेवलं. मग माझा हात धरून माझं बोट फिरवलं. "चाखा. बोअरला चाखलं न्हवतं."

गोडं होतं.

सगळे वेल वाचले नाहीत. मळ्याच्या एका कोपऱ्यात अजून मोकळ्या शेवऱ्या उभ्या आहेत, वर काही नाही. चाचा तिथं दरसाल थोडे-थोडे लावतात. मी आत गेलो की त्या बाजूला बघत नाही, आणि चाचांना ते कळतं, म्हणून ते मला मुद्दाम तिकडूनच नेतात. पण मळा मोडला नाही. पानं परत बाजाराला जायला लागली. लव्हाळीत पाणकणीस मी लावलं नाही, ते आपलं आपण आलं. टिटवी आली आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर ओरडली, ह्या वेळी मी तिच्या बाजूनं होतो.

राहता राहिला एल्बो. पहिल्या पावसाळ्यात वरच्या उसाला पाणी जास्त झालं म्हणून मी तो फिरवायला गेलो, तर चाचा बांधावर आधीच उभे.

"सायब, हे फिरवायचं कुनाच्या हातात ऱ्हानार?"

"तुम्ही म्हणाल त्याच्या."

"मग इचारून फिरवायचं."

तेव्हापासून विचारतो. उभी नोकरी दुसऱ्यांच्या शेतात पाणी सोडायचं की नाही हे मी ठरवलं. लोक माझ्या दारात उभे राहायचे. आता मी पानमळ्याच्या तोंडाशी उभा राहतो, पायताण बाहेर काढून, आणि मोजे घालतच नाही. परवाच गेलो होतो. वरच्या उसात पाणी उभं होतं.

"चाचा, पाणी चार बोटं खाली घेऊ?"

चाचांनी वेलाकडं बघितलं, मग आभाळाकडं, मग माझ्याकडं.

"दोन."

"तीन?"

"सायब, दोन म्हनलं."

दोन तर दोन. चाचांचा नातू एल्बोजवळ पाइपावर खूण करायला आला होता, मी म्हणालो खूण नको, चाचांची बोटं आणून लाव. ती माझ्या बोटांपेक्षा जाड आहेत. तेवढाच माझ्या उसाचा फायदा.